जायचं अंतर, यायचं अंतर

हैबतराव आणि बहिरूकाका यांचा वाद नक्की कोणत्या साली सुरू झाला, हे कासार आंबोलीत कुणी सांगू शकणार नाही. पण कशावरून सुरू झाला, ते शाळेत न गेलेलं पोरही सांगेल. मुंबईहून न्यूयॉर्कला जायला विमानाला सोळा तास लागतात आणि तिकडून मुंबईला यायला चौदाच लागतात, असं हैबतराव चहाच्या टपरीवर म्हणाले, आणि बहिरूकाका हातातली बशी खाली ठेवून म्हणाले, "ह्यॅ!"

त्या एका 'ह्यॅ'वर दोघांनी पुढची सगळी वर्षं काढली.

दोघांपैकी एकही जण विमानात बसलेला नव्हता. हैबतरावांचा विमानाशी संबंध एवढाच, की त्यांची एकुलती एक मुलगी गौतमी विमानात बसून गेली होती आणि न्यूयॉर्कच्या एका ग्रंथालयात नोकरीला होती. सोळा आणि चौदा हे आकडे तिनेच फोनवर सांगितले होते, तेही बोलण्याच्या ओघात. तिच्या आप्पांनी ते उचलले आणि वतनासारखे जपले. बहिरूकाकांनी उमेदीची सगळी वर्षं पौडहून पुण्याला दुधाचा टेम्पो नेण्यात आणि रिकाम्या किटल्या घेऊन परत येण्यात घातली होती. रस्त्याच्या बाबतीत पंचक्रोशीत त्यांचा शब्द शेवटचा.

"पौड-पुणं जेवढं, तेवढंच पुणं-पौड," ते म्हणत. "जाताना बी चांदणी चौक, येताना बी चांदणी चौक. रस्ता काय रबराचा हाय व्हय?"

"आन सकाळच्या पारी भूगावात गर्दी लागतीया ती?" आप्पा विचारत.

"गर्दी माणसांची आसतीया, रस्त्याची न्हाई. वर आभाळात कोण आडवं येतंय? म्हशी?"

गावानेही मग आपापली बुद्धी पणाला लावली. कुणी म्हणालं, जाताना विमान लोणच्याच्या बरण्यांनी आणि कुरडयांनी भरलेलं असतं, येताना नुसती चॉकलेटं, म्हणून हलकं होऊन लवकर पोचतं. कुणी म्हणालं, अमेरिका पृथ्वीच्या खालच्या अंगाला आहे, तेव्हा हा सगळा चढ-उताराचा मामला आहे. मग जायचा उतार आणि यायचा चढ, म्हणजे उलटंच व्हायला पाहिजे, हे लक्षात आल्यावर तो मनुष्य बोलता बोलताच दुसऱ्या पक्षात गेला. माजी सरपंच विलासराव यांनी पृथ्वी फिरते हा मुद्दा काढला. पृथ्वी फिरते, म्हणून विमान वर गेलं की खालचं गाव आपोआप सरकतं, असं ते म्हणाले. बहिरूकाकांनी लगेच सगळ्यांना देवळासमोर बोलावलं आणि भर चौकात सर्व ताकदीनिशी उंच उडी मारली. घोटा मुरगळला. पुढचा महिनाभर काठी घेऊन हिंडायचे आणि भेटेल त्याला सांगायचे, "पाय गेला, पण जागा तसूभर हालली न्हाई."

प्रकरण सोयरिकीपर्यंत गेलं. गावातल्या एका मुलीला घोटावड्याचं एक चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा देखणा, घरची बागायत. पोहे झाल्यावर कुणीतरी सहज त्याला मत विचारलं. तो म्हणाला, दोघांचंही बरोबर असू शकेल. असला मुळमुळीत जावई नको म्हणून दोन्ही पक्षांनी एकमताने नकार कळवला.

गौतमीने आप्पांना फोनवर खरं कारण सांगितलं होतं. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, येताना तो विमानाच्या पाठीत असतो आणि जाताना तोंडावर. आप्पांनी ते शब्दशः टपरीवर नेलं. बहिरूकाका म्हणाले, "वारा काय यष्टी हाय, रोज एकाच बाजूनं यायला?"

"गौतमी म्हणती. सवता येती-जाती ती."

"तुझी लेक हाय ती. घरची साक्ष धरत न्हाईत."

आप्पांकडे भाड्याच्या खोलीत राहणारा साहिल मूळचा नांदेडचा, हिंजवडीला कंपनीत कामाला. त्याने मोबाईलवर विमानांच्या वेळा काढून दाखवल्या. पण त्यात आज एक आणि उद्या दुसरी वेळ दिसे. रोज जबानी बदलणारा साक्षीदार म्हणून बहिरूकाकांनी मोबाईलही उडवून लावला.

गौतमी हे सगळं फोनवर ऐकून हसायची. पण तिने बरीच पुस्तकं वाचली होती, आणि माणसं एक बोलतात तेव्हा त्यांना दुसरंच काही म्हणायचं असतं हे तिला ठाऊक होतं. आप्पांना वाऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. लेक जाते ते अंतर लांब आहे, पण ती परत येते ते अंतर थोडं कमी आहे, एवढंच त्यांना चारचौघांत सिद्ध करायचं होतं. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. आप्पांनीही नाही.

थंडीच्या दिवसांत एका पहाटे आप्पा झोपेतच गेले.

चुलतभाऊ अमोलचा फोन गेला. तिकडच्या घड्याळाने दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान मिळालं, निघतेय, माझ्यासाठी थांबा, असं गौतमीने विमानतळावरून अमोलला कळवलं. विमानात तिच्या जागेचं चार्जिंग चालत नव्हतं, आणि मुंबईला उतरेपर्यंत तिचा फोन मरून गेला होता. टॅक्सीवाल्याने आपला फोन दिला, पण तिला पाठ असलेला नंबर एकच होता, आप्पांचा. तो तिने वाटेत तीनदा लावला. तो फोन आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात होता, आणि सदरा खुंटीला.

इकडे घरी ग्रामपंचायतीची शीतपेटी ओसरीवर ठेवलेली, अंगणात पाहुणे बसलेले, आणि अमोलने बहिरूकाकांना विचारलं, "काका, गौतमी किती वाजंपतूर पोचंल?"

त्यावेळी रस्त्याची गोष्ट दुसऱ्या कुणाला विचारायची? काकांनी डोळे मिटले, बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. तिकडची दुपार म्हणजे इकडची रात्र. सोळा तास. मुंबईत सामान घ्यायचं, मग गाडी, मग घाट, मग हिंजवडीची गर्दी. "सात तरी वाजत्याल," ते म्हणाले. "अंधार पडंल."

दुसरा दिवस होता. अंधारात नेणं बरं नव्हे, बाहेरगावच्या माणसांना परतायचंय, असं चार जण म्हणाले. साहिल ड्यूटीवर होता. त्या गावात बहिरूकाकांचा हिशेब खोडून काढणारा माणूस एकच होता, आणि तो शीतपेटीत पडलेला होता. चारच्या सुमाराला त्यांनी आप्पांना उचललं.

पाच वाजायच्या आतच गौतमीची टॅक्सी घोटावड्याच्या बाजूने गावात शिरली. घराला कुलूप. शेजारच्या बाईने हाताने दिशा दाखवली. ती स्मशानभूमीच्या पत्र्याच्या शेडपाशी पोचली, तेव्हा ऊन अजून डोंगरावर होतं आणि जाळ चांगला धरला होता.

कुणी घड्याळाकडे पाहिलं नाही. अशा वेळी कोण पाहतं? बायका तिच्या गळ्यात पडल्या. अनसूयाआत्या, आप्पांची धाकटी बहीण, रडता रडता म्हणाली, "लई उशीर केलास गं पोरी. जरा आदी निघायचं हुतंस." आणि मग जो येईल तो हेच म्हणू लागला. उशीर झाला. नशिबात नव्हतं. एवढ्या लांबून येणार तरी कशी. येणारी माणसं चहा पीत आणि हे वाक्य ठेवून जात. गौतमी मान हलवत असे.

बहिरूकाकांनी सात सांगितल्याचं कानावर आलं, तेव्हाच, पहिल्याच संध्याकाळी, हिशेब तिने केला होता. सोळातून चौदाची वजाबाकी काही अवघड नव्हती. तिला काही नको होतं, फक्त कुणीतरी एकदा म्हणावं, तू उशिरा आली नाहीस. पण ते वाक्य स्वतः म्हणायचं, तर त्याच्या मागोमाग बहिरूकाकांचं नाव घ्यावं लागलं असतं. आणि बहिरूकाका रोज सकाळी चहाला दूध घेऊन येत, आप्पांच्या रिकाम्या खाटेसमोर बसत आणि निघून जात. ती परदेशातून आली की तिने उंबऱ्यात पाऊल टाकायच्या आत ते विचारायचे, "किती लागलं?" या खेपेला त्यांनी विचारलं नाही. एकदाही नाही. तिला कधी राग यायचा, तर कधी त्यांच्या पेल्यात साखर जास्त घालावीशी वाटायची.

दहाव्याला सगळे मुळेच्या काठी घाटावर जमले. थंडी होती, नदीवरून वाफ उठत होती. हल्ली दहाव्याला माईक आणि कर्णा असतोच, तसा होता. अमोलने सोवळं नेसून पिंड मांडले. पानावर भात, बाजूला आप्पांच्या आवडीची कांदाभजी, पेढा, आणि बशीत चहा. काठावरच्या करंजावर पाच-सहा कावळे बसले होते. ते सगळं पाहत होते आणि कुणी हलत नव्हतं.

तोवर श्रद्धांजली म्हणून विलासरावांनी माईक घेतला. "हैबतराव आज अशा दूरच्या प्रवासाला निघालेत," ते म्हणाले, "की ज्याचं अंतर किती आन वेळ किती..." इथे त्यांना आपण कुठे चाललो आहोत ते कळलं. अर्धा घाट बहिरूकाकांकडे पाहत होता. "...असो," म्हणून त्यांनी माईक ठेवला.

कावळे येईनात. गुरुजी कोथरूडचे, तरुण, गाडी घाटाच्या तोंडाशीच वळवून लावलेली. त्यांचा सूस गावात आणखी एक दहावा होता. "काही इच्छा राहिली असेल त्यांची," ते म्हणाले. "घरच्यांनी शब्द द्यावा."

अमोल पुढे झाला, हात जोडले. "आप्पा, रस्त्याकडंचं वावर मी विकणार नाही."

एक कावळा खालच्या फांदीवर उतरला. लोक सरसावले.

"नक्की का रं?" मागून कुणीतरी विचारलं.

"म्हणजे, निदान दोन वर्षं तरी," अमोल म्हणाला. कावळा परत वर गेला.

मग अनसूयाआत्या पदर खोचून पुढे आली. "दादा, गौतमीची काळजी करू नगंस. तिचं लगीन मी जमवीन. हितलंच स्थळ बघीन."

सगळेच्या सगळे कावळे उठले आणि नदी ओलांडून पलीकडच्या बाभळीवर जाऊन बसले.

"आत्या, घालवलंस ना!" अमोल म्हणाला.

"मी काय वंगाळ बोलले?"

गौतमीने ओठ घट्ट मिटून घेतले. एवढ्या दिवसांत प्रथमच तिला हसू येत होतं, आणि ते आप्पांना सांगायला हवं होतं.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करून लावता येतो. शास्त्रात सोय आहे तशी."

"आसंल शास्त्रात," आत्या कडाडली. "माझा भाऊ जित्तेपणी डालड्याचा शिरा खात नव्हता. गवताचा कावळा चालवून घील व्हय त्यो?"

ऊन वर आलं. मागे आचाऱ्याने भात झाल्याची वर्दी दोनदा पाठवली. तेव्हा गर्दीतून एक आवाज आला, आणि तो कुणाचा होता हे नंतर कुणीच कबूल केलं नाही: "आवो, त्यो इमानाचा वाद ऱ्हायलाय न्हवं का!"

सगळा घाट वळला. बहिरूकाका माईकच्या खांबापाशी पायरीवर बसले होते.

"काका, म्हणून टाका की," अमोल म्हणाला. "येताना कमी लागतंय म्हणा. एवढंच ऐकायचं आसंल त्यांना."

"खोटं बोलू?" काका म्हणाले. "तेबी मेलेल्या माणसाशी? त्याला आता वरनं समदं दिसतंय. लगीच धरंल मला."

"मग दिसत आसंल तर वाद कशाला ऱ्हातोय?"

"त्येच म्हणतोय मी. त्याला कळलं आसंल म्हणून कावळा येईना. त्योच हरलाय."

"बहिरू, माणसं उपाशी हायेत!" आत्या म्हणाली.

"तुझ्या भातासाठी रस्ता दोन तासानं आखूड करू व्हय, अनसूये?"

विलासरावांनी आयुष्यभर भांडणं मिटवली होती. त्यांनी पुन्हा माईक हातात घेतला. "पंधरा म्हणू," ते म्हणाले. "जाताना बी पंधरा, येताना बी पंधरा. दोघांचं बी राहतंय. हैबतराव, पंधरा!" कर्ण्यातून 'पंधरा' नदीपलीकडे गेलं, डोंगराला लागून परत आलं. बाभळीवर काही हालचाल झाली नाही. विलासरावांनी ठराव मागे घेतला.

मग साहिल पुढे आला. आज त्याने मुद्दाम सुट्टी काढली होती. आप्पांवर त्याचा जीव होता. "काका, हे अगदी सोपं आहे," तो म्हणाला. "ताई ज्या विमानाने आल्या, त्याचं त्या दिवशीचं रेकॉर्ड नेटवर असतं. कधी निघालं, कधी उतरलं, सगळं. तिथे वारा नाही, घरची साक्ष नाही, काही नाही. ताई, फ्लाइट नंबर काय होता?"

गौतमीला नंबर पाठ होता. बोर्डिंग पासचा तुकडा तिच्या पर्समधल्या पुस्तकात खूण म्हणून घातलेला होता. एवढे दिवस जे वाक्य कुणी म्हणावं म्हणून ती वाट पाहत होती, ते आता फक्त एका नंबराच्या अंतरावर होतं. ती बोलली असती की साहिलने वेळ वाचली असती, आणि इतक्या माणसांत कुणीतरी, कदाचित अमोलनेच, बोटांवर मोजून पाहिलं असतं, की बाई गं, ही तर दुपारीच मुंबईत उतरली होती.

"आठवत नाही," ती म्हणाली.

"काही हरकत नाही, तारखेवरून निघतं. त्या दिवशी दुपारी निघालेलं..."

"साहिल, राहू दे."

आवाज मोठा नव्हता. पण बहिरूकाकांनी मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच नीट पाहिलं. काकांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता, तो थांबला. हिशेब त्यांनीही केला होता. टॅक्सी स्मशानाच्या वाटेला वळताना दिसली, तेव्हाच केला होता. आणि हिला ते ठाऊक आहे, आणि तरी ही म्हणतेय राहू दे, हे त्यांना आत्ता कळलं.

काका उठले. खांबाला धरून उठले, त्यामुळे माईक त्यांच्या तोंडासमोर आला.

"हैबत्या," ते म्हणाले. कर्ण्यातून 'हैबत्या' असा मोठा आवाज गेला, ते स्वतःच दचकले आणि पुढचा शब्द शोधत उभे राहिले.

सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. एकट्या गौतमीला तिकडे पाहवेना. ती पिंडांकडे पाहत राहिली. म्हणून तिने एकटीने पाहिलं: करंजाच्या मागून, काठाच्या ओल्या गवतातून, एक किरकोळ कावळा चालत आला. उडत नाही, चालत. जरासा लंगडत, बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्यासारखा. त्याने भाताला चोच लावली, एक भजं उचललं, बशीतल्या चहाकडे एक डोळा तिरका करून पाहिलं आणि भजं घेऊन उडून गेला.

"हैबत्या," काका पुन्हा म्हणाले, "चौदाच लागत्यात रं. पोरगी टायमात निघालती आन टायमात आलती. मी म्हनलं सात वाजत्याल. दिस हुता आजून. तासभर थांबलो आसतो तर तिनं तुझं तोंड बघितलं आसतं. दुसरं कुनी न्हाई. मी म्हनलं सात. मी."

शेवटचा 'मी' डोंगरावरून परत आला. मागे आचाऱ्याच्या चुलीतलं लाकूड तडकल्याचं ऐकू आलं. अमोल खाली पाहू लागला. तिरडीला पहिला हात त्याचाच लागला होता. अनसूयाआत्याने तोंडाला पदर लावला आणि दुसऱ्या हाताने गौतमीचं मनगट शोधून धरलं. एवढे दिवस ती 'उशीर केलास' म्हणत आली होती, आणि ते चुकीचं होतं हे तिला नुकतंच समजलं होतं.

"शिवला!" गुरुजी ओरडले. "अहो, शिवला की! भात विस्कटलाय, भजं गेलंय!"

सगळे पिंडांवर वाकले. खरंच गेलं होतं. लोकांनी सुस्कारा सोडला, कुणी हात जोडले, दोघे-तिघे भाताच्या दिशेने निघालेसुद्धा. आणि मग कुणीतरी विचारलं, "पण कवा शिवला? काका बोलायच्या आदी का नंतर?"

झालं. निघालेले लोक परत आले. काका बोलले म्हणूनच शिवला, म्हणजे हैबतराव जिंकले, असं एक म्हणे. काकांनी नुसतं नाव घेतलं तेव्हाच शिवला, म्हणजे हैबतरावांनी दावा सोडून दिला, असं दुसरा म्हणे. विलासरावांनी 'बोलता बोलता' असा मधला मार्ग सुचवला. साहिलला कुणी व्हिडिओ काढला आहे का ते शोधायला लावलं. त्याने सांगितलं की सगळ्यांनी काकांचाच काढलाय.

बहिरूकाका त्या गर्दीत गेले नाहीत. ते हळूहळू गौतमीपाशी आले आणि तिच्यापासून थोडं लांब उभे राहिले, जसं लोक सूतक असलेल्या माणसापासून उभे राहतात.

"तू तिकडं बघत हुतीस," ते म्हणाले. "मी बघितलं. माझं आयकून गेला ना गं त्यो?"

गौतमीने त्यांच्याकडे पाहिलं. हनुवटीवर पांढरे खुंट वाढले होते. डोळे लाल होते.

"हो, काका," ती म्हणाली. "ऐकून गेला."

"समदं?"

"सगळं. शेवटपर्यंत थांबला होता."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग म्हणाले, "तू उशिरा न्हाई आलीस, पोरी."

"नाही."

"आमी लवकर केलं."

"हो."

काकांनी उपरण्याने नाक पुसलं, नदीकडे पाहिलं, घसा साफ केला. "पन रस्ता एकच हाय," ते म्हणाले. "जाताना तेवढाच, येताना तेवढाच. तास कमी लागू द्यात न्हाईतर जास्त. तेवढं मी सोडनार न्हाई. त्यो आला तरी सोडनार न्हाई."

"नका सोडू," गौतमी म्हणाली. ती पायरीवर बसली, दोन्ही हात तोंडावर घेतले आणि रडू लागली, मोठ्याने, लहान मुलं रडतात तशी. आत्या तिच्याशेजारी टेकली. काका तिथेच उभे राहिले, ऊन तिच्यावर येऊ नये अशा बेताने.

पिंडांभोवतीचा वाद आपसूक बंद पडला. जेवायला कुणी हललं नाही. गुरुजींनी पिशवी खांद्याला लावली होती. त्यांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा मनगटाकडे, आणि हलकेच खाकरले.

"गुरुजी," अनसूयाआत्या वर न बघता म्हणाली, "खाली बसा. सूस काय पळून जात न्हाई."